पोक काढून बसणाऱ्यांसाठी एक्सेन्ट्रिक व्यायाम: वजन उचलण्याइतकंच सावकाश सोडणंही शिका

राजगड किंवा हरिश्चंद्रगड करून आलेल्या माणसाला दोन दिवसांनी विचारा, काय दुखतंय. दम चढताना लागलेला असतो, पण सोमवारी ऑफिसच्या जिन्यावर कठडा धरून कण्हत उतरायची वेळ येते ती गड उतरल्यामुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि लांब होता होता सगळं वजन पेलत असतो. भार सांभाळत लांब होण्याच्या या कामाला एक्सेन्ट्रिक आकुंचन म्हणतात. जिममधले ट्रेनर त्याला ‘निगेटिव्ह’ म्हणतात. वजन उचलणं ही कॉन्सेन्ट्रिक बाजू, आणि एका जागी धरून ठेवणं ही आयसोमेट्रिक.

आता याचा पाठीच्या बाकाशी काय संबंध? खुर्चीत बसलेले तुम्ही हळूहळू पुढे झुकता, तेव्हा मणक्यांच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू मागून धरून ठेवत, थोडे थोडे सैल होत तुम्हाला खाली सोडत असतात. एका मर्यादेपलीकडे पाठ पूर्ण वाकली की हे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि भार अस्थिबंधांवर जातो. लॅपटॉपसमोर तीन तास पोक काढून बसणारा माणूस त्यातला बराच वेळ या शेवटच्या टप्प्यात लोंबकळत असतो. ‘ताठ बस’ म्हटलं की तो खांदे मागे खेचून दोन मिनिटं बसतो आणि पुन्हा घसरतो. त्यात आळस नसतो. खांदे सतत आखडून धरणं कुणालाच जमत नाही, जमायची गरजही नाही. गरज आहे ती पुढे जाताना आणि मागे येताना, हालचालीच्या दोन्ही टोकांपर्यंत स्नायूंनी भार सांभाळण्याची. ही ताकद नुसत्या ताठ बसण्याने येत नाही आणि नुसत्या स्ट्रेचिंगनेही येत नाही. ती वजन सावकाश सोडण्याच्या सरावाने येते.

हे काम का करतं

1952 साली ॲबट, बिगलँड आणि रिची या तीन संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणारं पेडल पायाने अडवत राहायचं. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, पण अडवणाऱ्याला लागणारा प्राणवायू कितीतरी कमी भरला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग करून दाखवला तेव्हा लहान चणीच्या ब्रेंडा बिगलँड अडवायला बसल्या होत्या आणि दुसऱ्या सायकलवर मोठ्या चणीचा पुरुष पेडल मारत होता. दमला तो पुरुष.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक, स्नायू जेवढं उचलू शकतो त्याहून जास्त वजन तो सोडताना सांभाळू शकतो. म्हणजे पाठीचा जो स्नायू उचलायला कमजोर आहे, त्यालाही दुसऱ्या हाताच्या मदतीने वर नेऊन फक्त उतरवण्याचं काम देता येतं. दोन, हृदयावर आणि श्वासावर ताण कमी पडतो, त्यामुळे व्यायामाची सवय सुटलेल्या पन्नाशीच्या माणसालाही ही पद्धत झेपते.

तिसरी गोष्ट लांबीची. स्नायूचा तंतू सार्कोमियर नावाच्या अतिसूक्ष्म घटकांच्या माळेने बनलेला असतो. लिन आणि मॉर्गन यांनी 1994 साली काही उंदीर उतारावर आणि काही चढावर पळवले. उतारावर पळालेल्या उंदरांच्या मांडीच्या स्नायूत या माळेतले घटक जास्त आढळले. माणसांवरच्या अभ्यासांचा 2012 साली आढावा घेतला गेला, त्यात एक्सेन्ट्रिक व्यायामाने पायांची लवचिकता वाढते असं दिसलं. म्हणजे स्ट्रेचिंगने जी लांबी मिळवायची, ती इथे ताकदीसकट मिळते. छातीचा आखडलेला स्नायू ताणून मोकळा केला आणि त्या मोकळ्या जागेत त्याला काही पेलताच येत नसेल, तर तो थोड्याच वेळात जुन्या जागी परततो.

पण अपेक्षा रास्त ठेवा. पाठीचा बाक कमी करायला बळ वाढवणारे व्यायाम नुसत्या ताणण्यापेक्षा उपयोगी पडतात, असं आजवरच्या अभ्यासांचं वजन आहे. ‘एक्सेन्ट्रिकनेच ढब सुधारते, बाकी सगळं फोल’ असं कुणी रील्समध्ये सांगत असेल तर पुढे सरका. उचलणंही हवंच, फक्त बहुतेक लोक उतरवण्याचा अर्धा भाग फुकट घालवतात.

आधी हे तपासा: व्यायाम की डॉक्टर?

रात्री झोपेतून जागं करणारं पाठदुखणं, हातापायात मुंग्या किंवा बळ कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, कारण नसताना वजन घटणं किंवा ताप: यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचाचा ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी. चाळिशीच्या आतल्या माणसाला सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ लाकडासारखी राहत असेल, हालचाल केल्यावर बरं वाटत असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर अँकायलोझिंग स्पाँडिलायटिसची (मणक्याचे सांधे सुजून ताठ होण्याच्या आजाराची) शंका घ्यायला हवी. तिथे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा तज्ज्ञ लागतो.

साठीच्या पुढच्या बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. उंची कमी झाली असेल, पदर किंवा कुर्ता पुढून लांब पडायला लागला असेल, तर हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेला असू शकतो. अशा पाठीला पुढे गोल वाकवणारे व्यायाम धोक्याचे. खाली दिलेल्यांपैकी काठीचा, खुर्चीचा आणि बँडचा व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून करता येतील, बाकीचे राहू द्या.

वाढत्या वयाच्या मुलांचं पाहायचं असेल तर त्यांना पाय जुळवून, हात जोडून कंबरेतून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच उठून दिसली तर स्कोलिओसिसची (कणा बाजूला वळण्याची) तपासणी करून घ्या. व्यायामाने ‘सरळ होईल’ म्हणून वर्ष घालवू नका, कारण वाढीचं वय हातातून निघून जातं.

पायरी 1: बाक सवयीचा आहे की हाडाचा

जमिनीवर चटई टाकून उशीशिवाय उताणे झोपा. दोन मिनिटांनी डोकं सहज जमिनीला टेकलं, हनुवटी छताकडे वर गेली नाही आणि पाठ पसरली, तर बाक बराचसा लवचिक आहे. त्यावर व्यायामाचा परिणाम होईल. डोकं टेकायला जाड उशी लागतच असेल तर सांधेच ताठ झालेले असू शकतात. व्यायाम तिथेही उपयोगी पडतो, पण अपेक्षा कमी ठेवायच्या आणि एकदा तज्ज्ञांना दाखवायचं.

मग भिंतीपाशी उभे राहा. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, कुल्ले आणि पाठ टेकलेली, नजर समोर. हनुवटी वर न करता डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का? नाही टेकली तर मधलं अंतर घरच्या कुणाकडून पट्टीने मोजून घ्या आणि लिहून ठेवा. हा तुमचा पहिला आकडा. त्याच जागी दोन्ही हात कानांजवळून वर न्या. अंगठे भिंतीला लागतात की त्याआधीच कंबर भिंतीपासून सुटून पोकळी वाढते, हेही टिपा.

तिसरी तपासणी मांडीच्या सांध्याची. पलंगाच्या अगदी कडेवर बसून मागे आडवे व्हा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि दुसरा पाय सैल सोडा. सोडलेली मांडी पलंगाला समांतर किंवा खाली गेली तर ठीक. हवेत वर राहिली तर मांडीचा सांधा वाकवणारा स्नायू आखडलेला आहे.

बाजूने एक फोटोही काढून घ्या, पण तो ताठ उभं राहून नको. जागेवर दहा पावलं चालून थांबा आणि घरच्या माणसाला तेव्हा काढायला सांगा.

इथे एक धीर देण्यासारखी माहिती. कंबर पुढे झुकलेली दिसली की अनेकांना वाटतं काहीतरी बिघडलं. 2011 साली निरोगी, काहीही न दुखणाऱ्या तरुणांच्या पाहणीत 85 टक्के पुरुषांचं आणि 75 टक्के स्त्रियांचं ओटीपोटीचं हाड पुढेच झुकलेलं आढळलं. चेक डॉक्टर व्लादिमीर यांदा यांनी मांडलेला ‘क्रॉस्ड सिंड्रोम’चा नकाशा (छाती आणि मानेमागचे स्नायू आखडलेले, मानेपुढचे आणि फऱ्यांमधले, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांमधले, ढिले) व्यायाम निवडायला सोयीचा आहे, पण तो आपल्या शरीरावर तंतोतंत बसलाच पाहिजे असं नाही. ज्या हालचालीत तुम्ही तपासणीत अडकलात, ती आधी धरा.

पायरी 2: सोडण्याचे नियम

उचलायला एक ते दोन सेकंद, खाली सोडायला चार ते पाच, तळाशी जिथे ताण जाणवतो तिथे एक-दोन सेकंद थांबा. सेकंद मोजताना मोबाइलवर मेट्रोनोम लावा किंवा समोर घड्याळ ठेवा, कारण मनातला पाच बहुधा घड्याळाचा अडीच असतो. सोडताना श्वास चालू ठेवा. श्वास कोंडून वजन सांभाळायची सवय लागली तर रक्तदाब उसळतो.

वजन किती? आठ वेळा नीट सोडता यावं आणि त्यानंतर आणखी दोन वेळा जमलं असतं असं वाटावं, इतकं. शेवटच्या वेळी हात धपकन पडत असेल तर वजन जास्त आहे. बारा वेळा करून काहीच जाणवत नसेल तर कमी.

पहिल्या दोन आठवड्यांत मुद्दाम कमी करा, हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. एक्सेन्ट्रिक व्यायाम करताना सोपा वाटतो, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. 24 ते 72 तासांत ते शिगेला पोहोचतं आणि ओसरतं. तोच व्यायाम आठवड्याभराने पुन्हा केला की त्याच्या निम्मंही दुखत नाही. शरीर लवकर शिकतं. म्हणून पहिल्यांदा थोडं करून हा धडा स्वस्तात घ्यावा. दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस विश्रांती. दुखण्याला शून्य ते दहा गुण दिले तर व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. टोचणारं, एकाच बिंदूत कळ मारणारं किंवा हातापायात उतरणारं दुखणं एकसुद्धा चालणार नाही. स्नायू फार सुजले आणि लघवी कोकसारखी गडद झाली तर तडक रुग्णालय गाठा. अचानक अतिव्यायामाने स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार येऊ शकतो.

सामान फार लागत नाही. एक रेझिस्टन्स बँड (व्यायामाचा ताणायचा रबरी पट्टा), पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या (भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलो), पाच लिटरचा कॅन, झाडूचा किंवा लाठीचा दांडा, एक सतरंजी.

पायरी 3: वरचं शरीर

*बँड ओढून सोडणे.* एकच व्यायाम करायचा असेल तर हा करा. खिडकीच्या मजबूत गजाला बँड छातीच्या उंचीवर अडकवा, स्टुलावर बसा. दोन्ही कोपरं अंगाजवळून मागे ओढा, पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांकडे येतील. इथवर सगळेच करतात. खरं काम पुढचं: पाच सेकंद घेऊन सोडा. आधी कोपरं सरळ होऊ द्या, मग फरे बरगड्यांवरून सरकत पुढे जाऊ द्या. पाठ मात्र गोल होऊ द्यायची नाही, छातीचं मधलं हाड जिथे होतं तिथेच. शेवटी हात पूर्ण पुढे गेल्यावर एक सेकंद थांबा आणि तिथून पुन्हा ओढा. फऱ्यांमधले आणि खालचे स्नायू लांब झालेल्या अवस्थेत भार धरायला इथे शिकतात, आणि संगणकासमोर ते नेमके याच अवस्थेत असतात. बऱ्याच जिममध्ये ‘फरे मागे, मागे’ एवढंच ऐकू येतं. फरा पुढेही जायला हवा, फक्त ताब्यात. सातव्या आठवड्यापासून दोन हातांनी ओढा आणि एका हाताने सोडा.

*बाटल्या उघडणे.* सतरंजीची मुठीएवढी जाड लांब गुंडाळी करा. तिच्यावर पाठीचा कणा येईल असे उताणे झोपा, डोकंही तिच्यावरच. दोन्ही हातांत बाटल्या घेऊन हात छताकडे. कोपरं किंचित वाकवून पाच सेकंदांत हात बाजूंना उघडत खाली न्या. छाती ताणली जाईल, तिथे दोन सेकंद. परत येताना हात तसेच वर उचलू नका. कोपरं वाकवून बाटल्या छातीशी आणा आणि सरळ वर ढकला. उतरवताना अवघड वाट, चढताना सोपी. या युक्तीमुळे छातीच्या स्नायूला जास्त वजन देता येतं. खांद्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं वाटलं तर हात थोडे खाली, कमरेच्या दिशेला न्या.

*जोर, पण फक्त उतरण्याचे.* ओट्यावर किंवा दिवाणाच्या कडेवर हात टेकून अंग सरळ ठेवा आणि पाच सेकंदांत खाली जा. वर येताना गुडघे टेकवून या. तालमीतले जोर वेगाने मारायची पद्धत आहे आणि त्याचे फायदे वेगळे. आपल्याला इथे फरा बरगडीला चिकटवून धरणाऱ्या स्नायूंना काम द्यायचं आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी प्रचार केलेले सूर्यनमस्कार ज्यांच्या घरात चालतात, त्यांनी साष्टांग स्थितीत जाताना धपकन न पडता पाच आकडे मोजत उतरावं. वेगळा व्यायाम करायची गरज उरत नाही.

*मान.* उताणे झोपा, पातळ उशी चालेल. ‘हो’ म्हणताना होते तेवढीच हनुवटी आत घ्या, डोकं बोटभर वर उचला आणि हनुवटी आतच ठेवून पाच सेकंदांत टेकवा. पाच वेळा पुरे. हनुवटी छताकडे उडाली की गळ्याच्या बाजूचे मोठे स्नायू कामाला लागतात आणि आतले सुटतात, म्हणून संख्या वाढवण्यापेक्षा हनुवटीकडे लक्ष. खांद्यांवरचा भाग सतत भरून येत असेल तर दोन्ही हातांत भाजीच्या भरल्या पिशव्या घ्या, खांदे कानांकडे उचला आणि पाच सेकंदांत खाली सोडा. मंडईतून घरी आल्यावर लिफ्टची वाट पाहतानाही हा होतो.

मानेवरून एक विषय काढतोच. मोबाइल बघताना मानेवर 27 किलो भार येतो, हे पोस्टर तुम्ही दवाखान्यांत पाहिलं असेल. तो आकडा न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 साली संगणकीय प्रारूपावरून काढलेला आहे, मान साठ अंश वाकली असताना. जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला नाही. मान वाकवणं हा गुन्हा नाही. तासन्तास एकाच कोनात अडकणं आणि त्या कोनात बळ नसणं हा खरा प्रश्न.

पायरी 4: कंबर आणि पाय

पाठीचा वरचा बाक अनेकदा खालून येतो. मांडीचा सांधा पूर्ण उघडत नसेल तर उभं राहताना कंबर आत वळते, आणि तोल सांभाळायला वरची पाठ मागे झुकून मान पुढे येते. तपासणीत मांडी हवेत राहिली असेल तर हा भाग टाळू नका.

*पलंगाच्या कडेवर मांडी सोडणे.* तपासणीचीच स्थिती. एक गुडघा छातीशी घट्ट धरा, म्हणजे कंबर पलंगाला चिकटलेली राहील. दुसरा गुडघा वर उचला, पोटापर्यंत. आता पाच सेकंदांत ती मांडी खाली सोडा, पलंगाच्या पातळीच्या खाली जाईल तितकी. तळाशी दोन सेकंद, मग पुन्हा वर. पाय खाली जाताना कंबर उचलली जात असेल तर तिथेच थांबा, तीच तुमची आजची हद्द. पाय हलका वाटायला लागला की घोट्याला अर्धा-एक किलोची वाळूची पट्टी बांधा. दोन्ही बाजूंना सहा-सहा वेळा.

*पाय खाली सोडणे.* उताणे झोपून दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून वर घ्या, कंबरेखाली एका हाताचा तळवा सरकवा. तळव्यावर कंबरेचा दाब कायम ठेवत एक टाच पाच सेकंदांत जमिनीकडे न्या, हलकेच टेकवा, परत. मग दुसरी. दाब कमी झाला की पोटाने सोडून दिलं असं समजा. जमू लागल्यावर गुडघा जरा सरळ करा, पुढे दोन्ही पाय एकत्र. सिट-अप्सचे ढीग लावण्यापेक्षा पोटाचं हे काम कंबरेची खोली ताब्यात ठेवायला जास्त कामाचं, असं माझं मत आहे.

*काठी लावून वाकणे.* दांडा पाठीमागे उभा धरा; डोक्याची मागची बाजू, दोन फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी तो टेकला पाहिजे. गुडघे किंचित सैल. आता कुल्ले मागे सरकवत पाच सेकंदांत पुढे वाका. तिन्ही ठिकाणचा स्पर्श सुटता कामा नये. मांड्यांच्या मागे ताण आला की थांबा आणि टाचा जमिनीत रोवून वर या. सुरुवातीला बहुतेकांचा माकडहाडाचा किंवा डोक्याचा स्पर्श अर्ध्या वाटेतच सुटतो. दोन आठवड्यांनी दांडा ठेवून पाच लिटरचा कॅन दोन्ही हातांत घ्या आणि तीच हालचाल करा. जमिनीवरून बादली, गॅस सिलिंडर किंवा नातवाला उचलताना हीच घडी लागते. मांडीच्या मागचे स्नायू आणि पाठीचे लांब स्नायू एकाच व्यायामात लांब होऊन पेलायला शिकतात, म्हणून वेळ कमी असेल तर बँडनंतर याचा क्रमांक.

*खुर्चीत सावकाश बसणे.* आजी-आजोबांसाठी हाच मुख्य व्यायाम. छातीवर हाताची घडी, पाच सेकंद मोजत खुर्चीत बसायचं, शेवटच्या इंचाला ‘धप्प’ नको. उठताना हातांचा आधार घेतला तरी चालेल. तरुणांनी बैठका अशाच काढाव्यात. उकिडवं बसताना टाचा उचलल्या जात असतील तर पोटऱ्या आखडलेल्या आहेत: जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर या आणि एका पायाने सावकाश खाली. कठडा धरा.

पायरी 5: बारा आठवड्यांची आखणी

सगळे व्यायाम एकाच दिवशी करायचे नाहीत. वरच्या शरीराचे दोन, कंबर-पायांचे दोन आणि मान, असे पाच निवडा. तपासणीत जिथे अडकलात ते आधी.

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी सहा वेळा, एक सेट, फार तर दोन. वजन इतकं कमी की थोडी लाजच वाटावी. तिसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत: आठवड्यातून तीनदा, आठ-आठचे तीन सेट. सातव्यापासून बाराव्यापर्यंत वजन वाढवा आणि वेळा सहावर आणा. दोन हातांनी उचलून एका हाताने सोडण्याचे प्रकार याच टप्प्यात. पाच व्यायामांना पाऊण तासाच्या आत आटोपता येतं.

वजन वाढवण्याआधी हालचालीची लांबी वाढवा. तीन किलोंनी अर्ध्यावर थांबण्यापेक्षा एक किलोने टोकापर्यंत जाणं आपल्या कामाचं.

व्यायाम आठवड्यातून दोन-अडीच तास, उरलेले जागे शंभरेक तास कसे जातात याचाही हिशेब लागतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड जोडा. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, चार पावलं टाका; उठता येत नसेल तर निदान बसण्याची पद्धत बदला. उंच बाईला बुटका ओटा असेल तर भाजी चिरायला जाड पाट घ्या, पाठ रोजची वाचते. विरार फास्टमध्ये उभ्याने दीड तास जातो त्यांनी कडी धरलेला हात बदलत राहावा. खांदे मागे खेचणारे पट्टे मात्र विकत घेऊ नका. पट्टा आहे तोवर स्नायू बसून राहतात.

मोजमाप आणि पुढे

दर चार आठवड्यांनी भिंतीची, हातांची आणि पलंगाची तपासणी पुन्हा करा, दिवसाच्या त्याच वेळी. सकाळी पाठ ताठ असते आणि संध्याकाळी थकलेली, त्यामुळे वेळ बदलली तर तुलना फसते. साधारणपणे आधी दुखणं आणि भरून येणं कमी होतं, मग हालचाल वाढते, फोटोतला फरक सगळ्यात शेवटी दिसतो आणि काहींना तो थोडाच दिसतो. भिंतीचं अंतर तेवढंच राहिलं, पण संध्याकाळी मान धरत नाही आणि हात वर करून माळ्यावरचा डबा काढता येतो, तर व्यायाम लागू पडतो आहे. आठ आठवडे नेमाने करूनही यातलं काहीच हललं नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा; बहुधा व्यायाम चुकीचा निवडलेला असतो किंवा सांध्याचा ताठरपणा आधी हाताळावा लागतो.

बारा आठवड्यांनंतर सगळं तीनदा करत बसायची गरज नाही. मिळवलेलं बळ टिकवायला मिळवण्यापेक्षा फार कमी लागतं: आठवड्यातून एकदा, तेच वजन, सेट कमी. साठीच्या पुढे मात्र दोनदा ठेवा. आजारपण किंवा लग्नसराईत महिनाभर सुटलं तर पुन्हा पहिल्या आठवड्याच्या वजनावर जा आणि दोन-तीन वेळांत वर चढा, थेट जुन्या वजनाला हात घातला तर पुढचे तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागेल.